केवळ सवाष्णींसाठी

कार्ड छापून आलं त्याच दिवशी आप्पासाहेबानं ते फाडायला हवं होतं. फाडलं नाही. घडी घालून बंडीच्या खिशात सारलं आणि पुढचे आठ दिवस कात्री चालवत बसला. नंतर जे झालं त्यात दोष कुणाचा, यावर घरात वर्षभर भांडणं झाली. पण आप्पाला मनातून ठाऊक होतं, पहिला दोष त्या घडीचा.

कार्ड गुलाबी होतं, जाड. कोपऱ्यात करंड्याचं चित्र. खाली मजकूर : ‘मकरसंक्रांतीनिमित्त हळदीकुंकू व तिळगूळ समारंभ. त्या प्रसंगी सी. पुंजाराम यांच्या नवीन वेशभूषांचे प्रत्यक्ष दर्शन. केवळ सवाष्णींसाठी.’

सी. पुंजाराम म्हणजे आप्पाचा धाकटा भाऊ छगन. मुंबईला सहा महिन्यांचा कोर्स करून आल्यापासून त्यानं बापाचं नाव आडनावासारखं लावलं होतं. ज्या पुंजारामानं उभा जन्म मिरजगावच्या बाजारात लिंबाखाली हातमशीन मांडून चोळ्या शिवल्या, त्याचं नाव आता अत्तर शिंपडलेल्या कार्डावर आलं होतं. बाप असता तर त्यानं माप घ्यायला त्या कागदाचा पट्टा कापला असता.

“ह्ये ‘केवळ सवाष्णी’ कशापायी?” आप्पानं तेव्हाच विचारलं होतं. विचारलं नाही असं नव्हे.

छगननं मान वर केली नाही. उत्तर दिलं त्याच्या बायकोनं, लीनानं. छगनच्या डोक्यातल्या निम्म्या कल्पना लीनाच्या असत आणि उरलेल्या निम्म्या लीनानं पास केलेल्या.

“भाऊजी, नुसता फॅशन शो म्हटलं की नगरमध्ये बायकांना घरातून कोण सोडतंय? हळदीकुंकू म्हटलं की सासू स्वतः टांगा बोलावते.”

यात खोटं काही नव्हतं. दिवाळीत पहिला शो केला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि भरलेल्यांत कॉलेजची टवाळ पोरंच जास्त.

“बरं. आन् चित्रा?”

दुकानात तीन मशिनी चालू होत्या.

“त्यांना कसं बोलावणार?” लीना हळू आवाजात म्हणाली. “हळदीकुंकवाला आणि त्यांना... त्यांनाच वाईट वाटेल, भाऊजी.”

चित्रा म्हणजे सुचित्रा, आप्पाच्या पाठची, छगनच्या वरची एकुलती बहीण. तिचा नवरा सुमंत मास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती. मास्तरनं चालवलेलं ‘चव्हाटा’ हे चार पानी साप्ताहिक त्याच्यामागं ती एकटी काढत होती. खडी फोडायला लावलेल्या बायांना दुष्काळी कामावर प्यायला पाणी मिळत नाही, हे तिनंच छापलं होतं. मामलेदार चिडला तेव्हा छगननं पेढे वाटले होते, माझी बहीण म्हणून. मग दिवाळीच्या शोनंतर तिनं छगनवर लिहिलं, आणि पेढे संपले.

लिहिलं ते फार नव्हतं, अर्धा कॉलम. शोमधले कपडे घेतलेल्या पाच बाया तिच्याकडे गेल्या होत्या. कुणाचा मॅक्सी पहिल्या धुण्यात आखडला, कुणाचा खांद्यात उसवला. तिनं लिहिलं : ‘शिवणीत माया सोडलेली नाही. बाईचं अंग बदलतं. ती बाळंत होते, जाडावते, आजारी पडून वाळते. हे कपडे शिवणाऱ्याला बाई एका मापात मेलेली हवी आहे.’

शेवटच्या वाक्यानं घात केला. ऑर्डरी परत गेल्या. छगन दोन दिवस जेवला नाही.

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून. पुंजाराम बोटभर सोडायचा, गरीब बाईला दीड बोट. आप्पा त्याच्याच हाताखाली शिकलेला. लेख वाचून तो छगनला म्हणाला होता, “पोरगी चुकलेली न्हाई. औंदा माया सोडू.” तेव्हा छगननं त्याला खिडकीपाशी नेलं, पातळ टेरिलीन उजेडासमोर धरलं आणि आतल्या घडीची कड बाहेरून कशी उमटते ते दाखवलं. “आप्पा, हा दोर दिसतोय का? परदेशातल्या मासिकात असा दोर दिसतो का कुठं?” दोर दिसत होता. आप्पानं या वर्षीचे सगळे कपडे दोन सूत मायेवर कापले. दोन सूत म्हणजे पाव इंच. बोटाच्या नखाइतकं. आणि कापताना कात्री कुठं अडली नाही, याचाच त्याला आता जास्त वैताग येत होता.

म्हणजे गोष्ट सरळ होती. बहीण आत आली की कपडा हातात घेणार. घेतला की दोन सूत दिसणार. दिसलं की छापणार. या वेळी पुंजाराम टेलर्सची पाटी उतरवायचीच वेळ. म्हणून तिला आत येऊ द्यायचं नाही. पण सख्ख्या बहिणीला ‘तू खरं लिहितेस म्हणून येऊ नकोस’ असं सांगायला तोंड लागतं. ते छगनकडे नव्हतं, आप्पाकडेही नव्हतं. तोंडाऐवजी दोघांनी करंडा पुढं केला.

---

मंगल कार्यालयात चार वाजता सावेडीकडच्या बंगल्यांतल्या बायका टांग्यांतून उतरायला लागल्या. शाळेची बाकं जोडून त्यावर लाल जाजम अंथरलं होतं. त्यावरून मुली चालणार. एका कोपऱ्यात ग्रामोफोन. दारात आप्पाची बायको रंगुबाई हळदीकुंकू, अत्तरदाणी आणि वाणाची टोपली घेऊन उभी. वाण म्हणून सुयांचं पाकीट आणि छगनचं कार्ड. आप्पा तिच्या मागं, टोपी घालून, लग्नातल्या मुलीच्या बापासारखा.

चित्रा पायी आली. राखी रंगाची सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला शबनम, कपाळ मोकळं. पायरी चढून ती रंगुबाईसमोर उभी राहिली.

रंगुबाईचं बोट कुंकवात होतं ते तिथंच राहिलं.

“वैनी, बोट वाळेल,” चित्रा म्हणाली. “मला लावायचं नाही. मला फक्त आत जायचंय.”

“आवो वन्स...” रंगुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

आप्पानं घसा साफ केला. “चित्रा, अगं, आज ह्ये बायकांचं... म्हंजी हळदीकुंकू हाय. तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.”

“राहून गेलं की राहू दिलं?”

“आता दारात नगं. घरी ये की. रातच्याला ये जेवाया. तिळाच्या वड्या केल्यात तुज्या वैनीनं.”

“आप्पा, मी वड्या खायला आले नाही. मी ‘चव्हाटा’ची संपादक म्हणून आले. शहरभर जाहिरात लावलीय तुम्ही.”

“कार्डावर लिव्हलंय ना पर,” आप्पा म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला स्वतःची शरम वाटली. “केवळ सवाष्णींसाठी.”

चित्रानं टाचा उंचावून त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. पहिल्या रांगेत, मधोमध, दोन खुर्च्यांवर दोन पुरुष बसले होते. एक जाडा, एक चष्मेवाला. दिवाळीच्या शोवर ‘नगरचे नाव मुंबईत गाजणार’ असं छापणाऱ्या दोन पेपरांचे संपादक. दोघांच्या हातात चहाच्या कपबश्या होत्या.

“मग ते दोघं कुठल्या सवाष्णी?” चित्रानं विचारलं.

पायरीवर रांगेत उभ्या असलेल्या एका बाईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण मागच्या दोघींना तो विनोद कळलाच.

तेवढ्यात छगन आतून आला. अंगात सफारी, गळ्यात माप घ्यायचा पट्टा, टायसारखा. “काय चाललंय? गर्दी का थांबलीय?” बहिणीला बघून त्याचा चेहरा आखडला. “ताई, तू?”

“मी. आत सोड.”

“ताई, प्लीज. आज नको. समारंभाचं स्वरूप वेगळं आहे.”

“स्वरूप?”

“धार्मिक आहे.”

“बेलबॉटम घालून पोरी बाकांवरून चालणार ते धार्मिक?”

आता तीन-चार बायका उघड हसल्या. छगनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि लाल झाल्या की त्याची मुंबईची भाषा गळून पडायची. “हां, मग ऐक! न्हाई घ्यायचं तुला आत. माज्या शोला कुनाला बोलवायचं ती माजी मर्जी. फुकट खुर्ची द्यायची, च्या पाजायचा, आन् वर तू आमाला खुनी म्हनायचं? बाई मेलेली हवी? सहा महिनं मुंबईला वडापाववर काढलं त्ये तुज्या अर्ध्या कॉलमात गेलं. तुला काय, लिव्हायला निस्ती शाई लागती!”

“हे बरं बोललास,” चित्रा म्हणाली, आणि तिचा आवाज उलट खाली आला. “हे तू कार्डावर छापायचंस. ‘टीका करणाऱ्यांना मज्जाव.’ मी दारातून परत गेले असते, छगन, तुझी शपथ. तुझं दुकान, तुझी मर्जी. पण तू माझ्या कपाळामागं लपलास. मला अडवायला तुला माझा मेलेला नवरा लागला.”

हसणाऱ्या बायकांनी पदर सावरले. छगननं आप्पाकडं पाहिलं. आप्पानं अत्तरदाणीकडं पाहिलं.

“मी इथंच पायरीवर बसते,” चित्रा म्हणाली. “रस्ता सरकारी आहे.” आणि खांबाला टेकून बसली.

---

स्टेजमागच्या खोलीत सात मुली पावडर लावत होत्या आणि त्यांच्यामध्ये पोत्यावर लंकाबाई बसली होती, तिघांची आई. सकाळी सातपासून ती काजं, बटणं, हुक लावत होती. मांडीवर शेवटचा कपडा : जांभळा मॅक्सी, पैठणीच्या काठाचा, पाठीवर वरपासून खालपर्यंत बावीस हुक. हाच शोचा मुकुट. तो लावायला तिच्याइतका बारीक हात दुकानात कुणाचा नव्हता.

लीना पडद्याआड आली, छगनला कुजबुजत काहीतरी म्हणाली. आप्पाही मागोमाग आला होता.

“काय झालं रं भाईर?” लंकाबाईनं सुई न थांबवता विचारलं. “चित्रीचा आवाज आल्यावानी वाटला.”

“काही नाही आई. ताई आली होती,” लीना म्हणाली. “आज हळदीकुंकू आहे ना, म्हणून त्यांना...”

“म्हून काय?”

“म्हणजे, आत येता येत नाही ना त्यांना.”

सुई थांबली. लंकाबाईनं चष्मा कपाळावर सरकवला. आप्पाला ते लक्षण माहीत होतं, लहानपणी चष्मा नव्हता तेव्हा ती पदर खोचायची.

“का येत न्हाई?”

मुलींनी पावडरचे पफ खाली ठेवले.

“रांड हाय म्हून,” लंकाबाईनं स्वतःच सांगितलं. “मग मी कोन हाय गं? तुजा सासरा जाऊन अकरा वर्सं झाली. मला कुठल्या दारानं आत आनलं सकाळी?”

मागच्या. सगळ्यांनाच माहीत होतं, पण कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन महिने डोकं लावून केलेल्या बेतात एवढं एक भोक होतं. बहिणीला अडवायला जी भिंत बांधली तिच्या आतल्या बाजूला आईच पोत्यावर बसून हुक लावत होती.

“आई, तुमचं वेगळं,” लीना घाईनं म्हणाली. “तुम्ही काम करताय.”

“व्हय. ती बी कामच करती.”

“आई, आता ह्ये नगं काढू,” छगन हात जोडून म्हणाला. “पंधरा मिनिटांत सुरू करायचंय. हुक राहिलेत ना?”

“नऊ ऱ्हायलेत.”

“मग लाव ना!”

“लावते की. काम घेतलंय त्ये अर्धं टाकनार न्हाई.” लंकाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. सुयांचा डबा कमरेला खोचला, जांभळा मॅक्सी दोन्ही हातांवर घेतला, मेलेलं पोर घ्यावं तसा. “पर जिथं माजी लेक बसली तिथं बसून लावते.”

“मागच्या दारानं जा! आई, निदान मागच्या...”

ती पुढच्या दारानं गेली. बाकांच्या कडेनं, दीडशे बायकांमधून, दोन संपादकांच्या गुडघ्यांना घासून. छगन पडदा धरून उभा राहिला. मग आप्पाकडं वळला.

“तू थोरला ना? घेऊन ये तो ड्रेस. त्याच्याशिवाय शो न्हाई माजा.”

आप्पाच्या मनात आलं, थोरला असण्यात नेमकं काय मिळतं ते एकदा कुणीतरी सांगावं. बाप गेल्यावर मशीन मिळाली, ती मोडकी. बहिणीच्या लग्नात बामणाच्या घरी पोरगी देतो म्हणून भावकीच्या शिव्या मिळाल्या. आणि आता हे.

---

बाहेर उन्हं कलली होती. मायलेकी पायरीवर शेजारी बसल्या होत्या. लंकाबाई हुक लावत होती. चित्रा रस्त्याकडं तोंड करून बसली होती, मुद्दाम.

“उरकलं का आई?” आप्पानं विचारलं.

“पाच ऱ्हायलेत. ग्रामोफोन लाव म्हनावं त्याला तवर.”

आतून खरंच सुरावट सुरू झाली. पहिल्या मुलीच्या चपलांचा आवाज बाकांवरून ठक ठक आला, मग टाळ्या.

आप्पा बहिणीच्या पलीकडच्या अंगाला, एक पायरी खाली टेकला. “चल आत. मी सांगतो. कोन अडवतंय बघतो.”

“बहीण म्हणून?”

“मग काय म्हून?”

“बहीण म्हणून आत आले तर लिहिता येणार नाही मला. तुझ्या उपकारावर बसून तुझ्यावर लिहू का?”

“मग नगं लिहू!” आप्पा वैतागून ओरडला. “एक डाव नगं लिहू की! काय बिघडतंय तुज्या पेपराचं? नगरात दुसरं कायी घडत न्हाई का? आमी तुजी मानसं हाय, चित्रा. मामलेदार न्हाई!”

चित्रा त्याच्याकडं वळली. “दिवाळीला जी पहिली बाई माझ्याकडे आली, ती गोजरबाई. मिरजगावची. आपले आबा तिच्या आईच्या चोळ्या शिवायचे. तिनं लेकीच्या साखरपुड्याला ड्रेस घेतला, पुंजारामाची पोरं शिवतात म्हणून. दुसऱ्या दुकानात गेलीच नाही. पोरीच्या खांद्यात तो साखरपुड्यात फाटला, पाहुण्यांसमोर. ती माझ्याकडं भांडायला आली नव्हती, आप्पा. विचारायला आली होती, की तिच्याकडनं धुताना काय चुकलं.”

लंकाबाईनं दोरा दातानं तोडला.

“औंदा मी ऐकलं,” चित्रा पुढं म्हणाली, “की तुम्ही माया सोडताय. छगननंच चारचौघांत सांगितलं. मी तेच बघायला आले होते. खरं असतं तर तेही छापलं असतं. पहिल्या पानावर.”

आईच्या मांडीवरला मॅक्सी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. हात लांब केला असता तर शिवण तिच्या बोटात आली असती. तिनं हात शबनमच्या पट्ट्याभोवती गुंडाळून ठेवले होते.

“बघ की मग,” लंकाबाई म्हणाली. “हितंच तर हाय.”

“चोरून नाही बघणार, आई.”

आप्पाला वाटलं, ही बया आता एकदा बघेल तर सुटलो. बघत नाही हीच कटकट. मामलेदाराला घाबरत नाही, भावाला घाबरत नाही, आणि आईच्या मांडीवरच्या कपड्याला शिवत नाही.

“झालं,” लंकाबाई म्हणाली आणि बाविसाव्या हुकावर अंगठा दाबला.

आतून छगनचा आवाज आला, “आप्पा! पाचवी पोरगी गेली! आण!”

आप्पानं मॅक्सी उचलला. उठला. दाराकडं दोन पावलं टाकली. रंगुबाईनं अत्तरदाणी खाली ठेवून त्याच्यासाठी दार धरलं. आणि तिथं उंबऱ्याशी तो थांबला. हातातलं कापड जडही नव्हतं, फुंकर मारली तर उडेल इतकं पातळ होतं. बापाच्या हाताखाली त्यानं पहिली चोळी शिवली तेव्हा बापानं ती गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी, आतली शिवण दिसावी म्हणून, उलटी करून सगळ्या बाजारासमोर लिंबाच्या फांदीला टांगली होती. आठ वर्षांचा होता, रडला होता. आता बेचाळीस.

तो मागं फिरला. पायरीवर बसला. मॅक्सीच्या गळ्यातून हात घालून त्यानं तो सर्रकन उलटा केला आणि बहिणीच्या मांडीवर टाकला.

“चोरून न्हाई. मी दाखवतो. शिवनारा दाखवतोय, बघ.”

चित्रानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग चष्मा काढून पुसला, घातला, आणि बगलेची शिवण दोन बोटांत धरली.

“दोन सूत,” ती म्हणाली.

“दोन सूत.”

“सगळ्याच कपड्यांना?”

“समद्या.”

“कुणी कापले?”

“मी.”

“छगननं सांगितलं म्हणून.”

“त्यानं सांगितलं. पर कात्री माज्या हातात हुती. लिहायचं तर मी कापलं एवढंच लिही.”

“नाव घालू?”

“पुरं घाल.”

तिनं शबनममधून वही काढली. “आणि मला आत का घेतलं नाही, ते?”

“त्ये बी घाल. हळदीकुंकवाचं कारन खोटं हुतं, आन् दारात मी हुतो.”

लंकाबाईनं सुयांचा डबा बंद केला. तिनं लेकाच्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. फक्त सरकून बसली, त्याला पायरीवर नीट जागा व्हावी म्हणून.

पडदा सोडून छगन दारापर्यंत धावत आला. मागं ग्रामोफोनची तबकडी संपून नुसती सुई खरवडत होती आणि दीडशे बायका माना वळवून दाराकडं बघत होत्या. उलटा मॅक्सी बघून त्याचं तोंड उघडं पडलं.

“आप्पा! काय केलंस ह्ये? पोरगी परकरावर उभी हाय तिकडं!”

“थांब जरा,” आप्पा म्हणाला. “तिनं बाही बघायची ऱ्हायलीय.”